पौर्णिमेचा चंद्र मावळतो तेव्हा

कोजागरीच्या रात्री बाराच्या सुमारास गच्चीगच्चीवर आटवलेल्या दुधात चंद्र पाहिला जातो, केशर-वेलदोड्याचे घोट घेतले जातात आणि तासाभरात पातेली घासायला टाकून बहुतेक घरं झोपी जातात. चंद्र त्यानंतरही पाच तास आकाशात असतो. त्याचा शेवटचा प्रवेश पाहायला उरतात ते दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून परतणारे कामगार, पहाटे फिरायला निघालेले लोक आणि किनाऱ्यावरचे कोळी. पूर्वेला तांबडं फुटत असतं, पश्चिमेला पूर्ण गोल चंद्र खाली चाललेला असतो. फिरायला निघालेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, सूर्य उगवायला आला, मग हा अजून इथे कसा?

प्रश्न रास्त आहे. दिवस सूर्याचा आणि रात्र चंद्राची ही वाटणी लहानपणीच मनात बसलेली असते. आकाशाला ती मान्य नाही. महिन्याभराचा हिशेब केला तर चंद्र जितके तास रात्री क्षितिजावर असतो, जवळजवळ तितकेच तास तो दिवसाही असतो. उजेडात तो फिका पडतो आणि लोक मान वर करत नाहीत, एवढंच.

१. मध्ये उभा असलेला माणूस

पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना असतात. त्यामुळेच चंद्राची उजळलेली बाजू पूर्णपणे आपल्याकडे असते, आणि त्यामुळेच एक वर येताना दुसरा खाली जातो. पौर्णिमेच्या पहाटे मोकळ्या माळावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं. उजवा हात उगवत्या सूर्याकडे पसरावा, डावा मावळत्या चंद्राकडे. दोन्ही हात जवळपास एका रेषेत येतात. त्या रेषेच्या उजव्या टोकाला सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, डाव्या टोकाला चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, आणि मध्ये पृथ्वी. तिच्यावर तो माणूस.

मावळणं ही खरं तर चंद्राची करामत नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते आणि तिच्यासोबत आपलं पश्चिमेचं क्षितिज वर उचललं जातं. चंद्राचा खालचा काठ क्षितिजाला टेकल्यापासून वरचा काठ दिसेनासा होईपर्यंत दोन मिनिटांपेक्षा थोडाच जास्त वेळ जातो. पृथ्वीचं फिरणं नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या ज्या थोड्या संधी मिळतात, त्यातली ही एक.

२. रोजचा उशीर

चंद्रही स्वस्थ बसलेला नाही. तो पृथ्वीभोवती त्याच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, जातो आहे. शाळेच्या मैदानावर एक मुलगा गोल धावतोय आणि त्याच वाटेवर, त्याच दिशेने त्याचे आजोबा सावकाश चालताहेत असं समजू. मुलाची एक फेरी पूर्ण होते तेव्हा आजोबा पहिल्या जागेवर नसतात, थोडे पुढे गेलेले असतात. त्यांना गाठायला मुलाला आणखी थोडं धावावं लागतं. पृथ्वीचं तेच होतं. चोवीस तासांची एक फेरी झाली की चंद्र सूर्याच्या तुलनेत सुमारे १२ अंश पुढे सरकलेला असतो.

आता हिशेब सोपा आहे. पृथ्वी ३६० अंश २४ तासांत फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. बारा अंशांना ४८ मिनिटं. एवढ्या वेळात चंद्र आणखी किंचित सरकतो, म्हणून सरासरी उशीर सुमारे ५० मिनिटांचा. चंद्राची कक्षा लंबगोल आणि तिरपी असल्याने हा उशीर कधी चाळीस मिनिटांवर येतो, कधी तासाला टेकतो.

ज्याला तिथी म्हणतात ती याच अंतराचं माप आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. तीस तिथ्या म्हणजे ३६० अंश, म्हणजे एक चांद्रमास, साडेएकोणतीस दिवसांचा. अमावास्या संपताना हे अंतर शून्य असतं. तिथून पंधरा तिथ्या गेल्या की १८० अंश होतात. म्हणजे पंचांगात पौर्णिमा संपण्याची जी वेळ छापलेली असते, तोच सूर्य आणि चंद्र बरोबर समोरासमोर येण्याचा क्षण. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली ती बारीक अक्षरं उपासाचा दिवस ठरवण्यापलीकडेही उपयोगी आहेत.

३. कोणत्या पहाटे उठायचं?

समजा सूर्योदय साडेसहाला आहे आणि पौर्णिमाही नेमकी सकाळी साडेसहाला संपते. मग चंद्रास्त आणि सूर्योदय जवळपास एकाच वेळी होणार. ऐकायला हे आदर्श वाटतं. प्रत्यक्षात अशा पहाटे अनेकदा निराशा पदरी येते. आकाश तोवर इतकं उजळतं की क्षितिजालगतच्या धुरकट हवेत चंद्र विरघळून जातो, टेकण्याआधीच दिसेनासा होतो.

दुसरं उदाहरण घेऊ. पौर्णिमा त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला संपते आहे. पहाटे समोरासमोर यायला अजून बारा तास बाकी आहेत. तिथीची सरासरी लांबी २३ तास ३७ मिनिटं, म्हणजे चंद्र साधारण अर्धी तिथी, सहा अंश मागे आहे. सहा गुणिले चार, चोवीस मिनिटं. चंद्र सहा वाजून सहा मिनिटांच्या आसपास मावळणार. हीच पहाट निवडावी. चेहरे ओळखू येतील इतकं नुकतं फटफटलेलं असतं, चंद्राचा प्रकाश अजून टिकून असतो आणि त्याचा रंग पुरता उतरलेला दिसतो. छायाचित्रं काढणारे बहुतेक जण याच पहाटेची वाट पाहतात, कारण जमीन आणि चंद्र दोन्ही एका चित्रात मावतील असा उजेड याच वेळी मिळतो.

पौर्णिमा आदल्या संध्याकाळीच संपली असेल तर उलट होतं. सूर्य वर येतो आणि चंद्र त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं पांढुरका होऊन रेंगाळतो.

४. तांबूस आणि चपटा

मध्यरात्री डोक्यावर असलेला पांढरा चंद्र उतरताना आधी पिवळसर, मग नारिंगी होतो. कारण मधल्या हवेत आहे. चंद्र डोक्यावर असताना त्याचा प्रकाश हवेच्या जेवढ्या थरातून येतो, त्याच्या सुमारे ३८ पट हवा त्याला क्षितिजावर असताना पार करावी लागते. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबडा कमी. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये याचं गणित मांडलं. एवढ्या लांबच्या वाटेत निळा प्रकाश इकडे तिकडे पांगतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः पिवळा-तांबडा. पावसाने नुकतीच धुतलेली हवा असेल तर रंग फिकट पिवळ्यावर थांबतो. धूळ आणि धूर असेल तर तो तांब्याकडे झुकतो. शहरातला चंद्र अधिक लालभडक दिसतो, त्याचं श्रेय काही अंशी रस्त्यावरच्या धुळीला द्यावं लागतं.

हीच हवा प्रकाशाला वाकवतेही. क्षितिजावर हे वाकणं सुमारे ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. चंद्राचं बिंब साधारण ३१ कलांचं. यातून एक गंमत निघते. पाण्याला नुकताच टेकलेला दिसणारा चंद्र प्रत्यक्षात पुरता क्षितिजाखाली गेलेला असतो, आणि आपण पाहतो ती हवेने वर उचललेली प्रतिमा. खालच्या काठाचा प्रकाश वरच्या काठाच्या प्रकाशापेक्षा जास्त वाकतो, म्हणून बिंब खालून दाबल्यासारखं होतं आणि उंची सुमारे सहाव्या हिश्शाने कमी भरते.

पंचांगातल्या ग्रस्तास्त ग्रहणांचं, म्हणजे ग्रहण लागलेल्या अवस्थेत चंद्र मावळतो त्या ग्रहणांचं, कोडंही यामुळे सुटतं. ग्रहणात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत हवेत. मग उगवलेला सूर्य आणि ग्रासलेला चंद्र दोघेही एकाच वेळी क्षितिजावर कसे दिसतात? रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच असं ग्रहण नोंदवून ठेवलं आहे. उत्तर हेच, की दोघांनाही हवेने थोडं थोडं वर उचललेलं असतं.

५. एवढा मोठा का?

याचं उत्तर ऐकून लोक चिडतात. तो मोठा नसतोच. हात लांब करून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तुरीचा एक दाणा धरावा. मावळता चंद्र त्यामागे लपतो. आदल्या मध्यरात्री डोक्यावरचा चंद्रही त्याच दाण्यामागे लपला असता. उलट क्षितिजावरचा चंद्र पाहणाऱ्यापासून सुमारे पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजारांहून अधिक किलोमीटर, जास्त लांब असतो. त्यामुळे मोजमापात तो दीड टक्क्याने लहानच भरतो.

हा भास आहे आणि माणसाला तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम याने, याचं कारण आकाशात नसून पाहणाऱ्याच्या जाणिवेत आहे, असं सांगितलं होतं. लॉइड कॉफमन आणि आयर्विन रॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. चंद्राखालची झाडं, घरं, डोंगर ही जमीन झाकली की तो मोठेपणा बराचसा ओसरतो. मधल्या जमिनीमुळे मेंदू चंद्राला दूरचा समजतो, आणि एवढ्या दुरूनही एवढा दिसतो म्हणजे तो मोठाच असला पाहिजे, असा निष्कर्ष काढतो. हे स्पष्टीकरण सगळ्या शास्त्रज्ञांना पुरेसं वाटत नाही, वाद अजून चालू आहे. कागदाची नळी करून तिच्यातून फक्त चंद्र पाहावा. तो झटकन लहान होतो. नळी बाजूला केली की पुन्हा मोठा. कारण कळल्यावरही भास जात नाही, हे त्यातलं सर्वांत लोभस.

६. चंद्राखालचा निळा पट्टा

पहाटेच्या या सगळ्या खेळात सर्वांत सुंदर गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सूर्य उगवण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं, पश्चिमेला क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा एक सपाट पट्टा दिसतो. धुकं किंवा दूरचे ढग समजून लोक तो सोडून देतात. त्याच्यावर गुलाबी झाक असलेला दुसरा पट्टा असतो. त्याला शुक्राचा पट्टा असं नाव आहे, पण शुक्राशी त्याचा काही संबंध नाही.

तो करडा-निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली.

मागे पूर्वेला क्षितिजाखाली असलेला सूर्य पृथ्वीच्या गोलाला उजळतो आहे आणि त्या गोलाची सावली पश्चिमेकडच्या हवेवर पडली आहे. सावलीच्या वरच्या हवेत सूर्याचे तांबूस किरण पोहोचले आहेत, म्हणून ती गुलाबी. सूर्य जसजसा वर येतो तसतशी सावली खाली बसते आणि सूर्योदयाला ती क्षितिजाखाली जाते. मघाच्या दुसऱ्या उदाहरणातला चंद्र याच वेळी उतरत असतो. गुलाबीतून निघून तो निळ्यात शिरतो आणि निळ्यातच मावळतो.

अवकाशात ही सावली निमुळती होत सुमारे १४ लाख किलोमीटर लांब गेलेली असते. चंद्राच्या अंतरावर तिची रुंदी चंद्राच्या अडीच पटीहून थोडी जास्त उरते. मग दर पौर्णिमेला चंद्र तिच्यात शिरून ग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी तिरपी आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. शिरला की ग्रहण. म्हणजे पश्चिमेला दिसणारा तो शांत पट्टा आणि ग्रहणात चंद्रावर सरकणारा काळा काठ या एकाच सावलीच्या दोन जागा आहेत.

सावली नीट पाहायची तर उंची हवी. सह्याद्रीतल्या गडांवर मुक्कामाला गेलेले लोक सूर्योदयासाठी पूर्वेच्या कड्याकडे धावतात आणि पश्चिमेचा कडा रिकामा राहतो. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरून क्षितिज सव्वा अंशाच्या आसपास खाली झुकलेलं असतं. हवा स्वच्छ असेल तर तिथल्या माणसाला समुद्रसपाटीवरच्या माणसापेक्षा चंद्र जवळपास पाच मिनिटं जास्त मिळतो.

७. किनारा, तिथी आणि पाणी

देशावर चंद्र डोंगराआड किंवा इमारतीआड जातो. कोकणात तो समुद्रात जातो. भारताच्या पूर्व किनाऱ्याला समुद्रातून उगवणारा सूर्य मिळाला, पश्चिम किनाऱ्याला समुद्रात मावळणारा पौर्णिमेचा चंद्र. डहाणूपासून गोव्यापर्यंत कुठल्याही पुळणीवर हा योग वर्षातून अनेकदा येतो, आणि पावसाळ्यानंतरच्या त्रिपुरी पौर्णिमेपासून पौषातल्या पौर्णिमेपर्यंत हवा सहसा साथ देते.

अशाच किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळच्या नांदगावात, गणेश दैवज्ञ राहत होते. त्यांनी १५२० मध्ये, शके १४४२ मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. चंद्रसूर्याची स्थानं काढायला लागणारी ‘ज्या’ची, म्हणजे त्रिकोणमितीतल्या साइनची, किचकट कोष्टकं त्यांनी टाळली आणि साध्या गुणाकार-भागाकारावर काम होईल अशा रीती दिल्या. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे काही शतकं त्याच ग्रंथावरून बनत राहिली. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हेही आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी होते. ही सगळी परंपरा शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात तपासून मांडली. तेही किनाऱ्यावरचेच, दापोलीजवळच्या दुसऱ्या मुरूडचे.

किनाऱ्यावरच्या माणसाला तिथीचा आणखी एक उपयोग असतो. कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, बंदरागणिक फरक पडतो, पण रोजच्या कामाला चालतो. तो चालतो याचं कारण दुसऱ्या प्रकरणात आलेलंच आहे. चंद्र एका तिथीमागे सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग तेवढीच मागे ढकलली जाते.

आता सव्वाअकरातून सहा तास वजा केले की पहाटेचे सव्वापाच वाजतात. ती ओहोटीची वेळ. पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते, म्हणून उधाणाची भरती असते आणि ओहोटीही तितकीच खोल. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी एवढं हटत नाही. कोकणातला पौर्णिमेचा चंद्र मावळतो तेव्हा पाणी नुकतंच दूरवर जाऊन परत फिरू लागलेलं असतं. पुळण रुंद झालेली असते, ओली वाळू गुळगुळीत असते आणि चंद्राचा लांबट पट्टा लाटांवरून थेट त्या ओल्या वाळूपर्यंत येतो. शिंपल्या-कालवांसाठी खडकांकडे निघालेल्या बायका त्याच पट्ट्यातून चालत जाताना दिसतात. त्यांच्या कामाची आणि या देखाव्याची वेळ एकाच कारणाने ठरलेली असते.

८. मावळतीची जागा

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून ऋतूंच्या बाबतीत तो उलटा वागतो. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे मावळतो आणि मार्गशीर्षातला, दत्तजयंतीचा चंद्र मात्र वायव्येकडे, साधारण जिथे जूनमधला सूर्य मावळतो तिथे. मध्यरात्री तो जवळजवळ माथ्यावर असतो. मे महिन्यात उलट. वैशाखी पौर्णिमेला ताडोबा, मेळघाट अशा जंगलांत पाणवठ्यांवर मचाणं बांधून रात्रभर प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे. ही रात्र निवडतात कारण उन्हाळ्यात पाणी थोडंच उरलेलं असतं आणि चांदणं भरपूर असतं. मचाणावर बसलेल्यांना चंद्र दक्षिणेच्या बाजूने, तुलनेने खालून जाताना आणि नैऋत्येला उतरताना दिसतो.

कक्षेच्या तिरपेपणामुळे या टोकाच्या जागाही १८.६ वर्षांच्या फेऱ्यात बदलतात. २०२४-२५ मध्ये त्या सर्वांत लांब गेल्या होत्या. मुंबईच्या अक्षांशावर तेव्हा चंद्र पश्चिमेपासून तब्बल तीस अंश उत्तरेला मावळत होता, सूर्य कधीही जात नाही इतका. आता ती टोकं हळूहळू आत येताहेत.

९. उजाडल्यावर

पौर्णिमा उलटली की चंद्र सकाळचा होतो. कृष्ण तृतीयेला आठच्या शाळेला निघालेल्या मुलांना तो पश्चिमेला दिसतो. षष्ठी-सप्तमीला दहाच्या ऑफिसला जाणाऱ्यांनाही दिसेल, त्यांनी मान वर केली तर. कृष्ण अष्टमीला सूर्योदयाच्या वेळी अर्धा चंद्र साधारण माथ्याजवळ असतो आणि दुपारी बाराच्या सुमारास मावळतो.

या अष्टमीच्या चंद्राची जागा विशेष आहे. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी ज्या दिशेने चालली आहे, बरोबर त्याच दिशेला तो त्या वेळी असतो. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. ३,८४,४०० किलोमीटर भागिले ३० म्हणजे १२,८०० सेकंद, साडेतीन तास. सकाळी साडेसहाला अंगणात उभं राहून पाहिलेल्या अर्ध्या चंद्राच्या जागी सकाळी दहाच्या सुमारास आपण स्वतः, घरादारासकट, पोहोचलेलो असतो. चंद्र तोवर जवळपास तेवढाच पुढे निघून गेलेला असतो.